एक कढ

शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी लताने माझं कोलॅजन उकळलं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. उद्या लोक म्हणतील, जाऊ द्या हो, एवढं काय त्यात. त्यांना ही ओळ दाखवता येईल. ही वही मी कोणालाच दाखवत नाही, ती गोष्ट वेगळी.

चष्म्याची काडी बसवून घरी आले तर दाराला कुलूप नव्हतं. आत लता. माझ्या खालच्याच मजल्यावर राहते, माझ्या घराची दुसरी चावी तिच्याकडे आणि तिची माझ्याकडे असते. गाऊनवर ओढणी टाकून माझ्या गॅससमोर उभी, हातात माझा डाव, आणि माझ्याच टोपात काहीतरी रटरटत होतं.

"इलंस? बरा झाला," ती म्हणाली. "सकाळधरना लाईट नाय. तुझ्या फ्रीजातलो सार खराब झालो असतो गो, म्हणान एक कढ काढलंय."

"कसलं सार?"

"ह्यो, माशाचो. आधीच आंबट झालेलो, म्हणान आमसुला घातली नाय. दोन त्रिफळा टाकलंय."

ते सार नव्हतं. तिलापियाची कातडी बारीक कापून, धुऊन, तीन दिवस व्हिनेगरमध्ये थंड ठेवून, मलमलीतून गाळून काढलेला तो कोलॅजनचा द्राव होता. रविवारी आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर माझं व्याख्यान आहे, "शरीरातले धागे". रिटायर झाल्यापासून नऊ वर्षांत मला कोणी काही शिकवायला सांगितलेलं नाही. हे पहिलं. काचेच्या नळीत हा पाण्यासारखा द्राव घ्यायचा, सोड्याच्या पाण्याचे थेंब टाकून त्याचा आंबटपणा मारायचा आणि नळी कोणाच्या तरी मुठीत द्यायची. मुठीची ऊब लागली की आतलं पाणी हळूहळू दुधाळ होतं. ते दूध म्हणजे धागे. कोणी कातत नाही, कोणी विणत नाही. रेणू आपण होऊन एकमेकांशेजारी येऊन बसतात. आपल्या कातडीत, हाडांत, स्नायुबंधांत पेशींच्या बाहेर हेच होत असतं.

पण उकळलं की संपलं. कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन पदरांचा पीळ. उष्णतेने तो सुटतो आणि मग गार केलं तरी पदर आपले जुने सोबती शोधू शकत नाहीत. जो मिळेल त्याच्यात गुंततात. त्याची खळ होते, धागा होत नाही.

हे मी तिला सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, "मग दुसरा कर ना गो. व्हयतर मी कातडी कापून देतंय. आणि ऐक, मी तुका एक सांगूक इल्लंय..."

मी म्हटलं, आयुष्यभर अडाणी पोरांना शिकवलं, पण परक्याच्या फ्रीजमधली बाटली त्रिफळं टाकून उकळणारं डोकं पाहिलं नव्हतं. चावी ओट्यावर ठेव आणि जा.

सत्यच बोलले. तिने चावी ठेवली. गॅस बंद केला. जाताना ओटा पुसून गेली, हे विशेष.

रविवार, ३० नोव्हेंबर

व्याख्यान झालं नाही. सेक्रेटरी देवदत्त केळुसकर म्हणाले, "बाई, नुसतं बोलून दाखवा की." मी नुसतं बोलत नाही. मग त्यांनी तंबोला लावला.

वीज जाणार असल्याची नोटीस बोर्डावर होती म्हणे. पाहून आले. सत्यनारायणाच्या पत्रिकेखाली टाचलेली होती. या प्रकरणात केळुसकरांचा दोष लताच्या खालोखाल आहे आणि त्यांना मी तसं लेखी कळवणार आहे.

रविवारी लता भाजणीचे वडे घेऊन येते. आली नाही. बरं झालं, तेलकट असतात.

बुधवार, ३ डिसेंबर

लताचा मुलगा राजेश सकाळी दारात. तो बोरिवलीला राहतो, कधी नव्हे तो मधल्या वारी आला होता. "काकू, जुने पेपर आहेत का? काचेची भांडी गुंडाळायची आहेत."

मी म्हटलं, रद्दी मी विकते. आईने पाठवलं का विचारायला?

"नाही हो. ती तर म्हणाली, वर जाऊ नको."

म्हणजे अजून घुश्शात आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. आणि काचेची भांडी कशाला गुंडाळायची? दिवाळीची सफाई होऊन दीड महिना झाला. या बाईला माळे आवरायचं वेडच आहे.

रविवार, ७ डिसेंबर

दार उघडलं तर उंबऱ्याशी कुंडी. लताचा कढीपत्ता, तिच्या खिडकीतला, ज्याचं पान कोणाला तोडू देत नाही तो. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही.

ही तिची जुनी तऱ्हा. तोंडाने "चुकलं" म्हणायचं नाही, काहीतरी आणून ठेवायचं. आमची आई तशीच होती. भांडण झालं की मला न विचारता माझ्या ताटात माशाचं डोकं वाढायची. घरात सगळे लतासारखे मालवणी बोलायचे. मी नन्सच्या शाळेत गेले आणि एकटीच पुस्तकातलं बोलायला लागले. सिस्टर म्हणायच्या, चूक झाली तर उभं राहून, डोळ्यांत बघून, पूर्ण वाक्यात क्षमा मागावी. मला ते पटलं. कुंडी म्हणजे पूर्ण वाक्य नव्हे.

परत नेऊन ठेवणार होते. पण ऊन माझ्याच खिडकीत चांगलं येतं. झाडाचा काय दोष.

शनिवार, १३ डिसेंबर

पुन्हा कोलॅजन करायचं ठरवलं. व्याख्यान होवो न होवो, अर्धवट सोडायची मला सवय नाही.

बाजारात कल्पिताकडे गेले. ही माझी नेहमीची मासेवाली, म्हणजे लताची. मी लताच्या मागून पिशवी धरून उभी राहते.

"तिलापियाची कातडी?" कल्पिता ओरडली. "गेल्या वेळी पण नेलीत. मांजर पाळलंय काय बाई?"

"मांजर बरं. त्याला गॅस पेटवता येत नाही."

"ते काय ते तुमचं तुम्हाला ठाऊक. हे घ्या, पैसे नको कातडीचे. आणि ही सुरमई तुमच्यासाठी काढून ठेवलीय. ती तुमची लताताई सांगून गेली, आता बाई एकट्या येतील, त्यांना गालफड उघडून बघता येत नाही, त्यांना शिळं देशील तर याद राख."

भर बाजारात. दहा बायकांसमोर. मला मासा ओळखता येत नाही! शार्कचं विच्छेदन मी पिढ्यान् पिढ्या मुलांकडून करून घेतलं. ताजा आहे की नाही ते कधी पाहिलं नाही, कारण ते फॉर्मॅलिनमध्ये असायचे.

सुरमई घेतली. चांगली होती.

मंगळवार, १६ डिसेंबर

द्राव छान उतरला आहे. बोटांत घेतला की तार येते. फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद लावला, "हे खाण्याचे नाही. उकळू नये." मग लक्षात आलं, वाचणार कोण? चावी तर ओट्यावरच्या वाटीत पडली आहे. कागद तसाच ठेवला.

व्याख्यानाची टिपणं पुन्हा काढली. वाचून मलाच कंटाळा आला, म्हणून एक भाग नव्याने लिहिला. पेशी कोलॅजनचा रेणू आत बनवते तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना टोप्या घालते, नाहीतर तो घरातच इतरांना चिकटून धागा व्हायचा आणि पेशीचीच वाट लागायची. बाहेर पडला की टोप्या कापल्या जातात. मग तो शेजाऱ्याला लागून बसतो; अगदी समोरासमोर नाही, थोडा सरकून, कौलं रचतात तसा. म्हणून ताण आला तर एका जागी फाटत नाही.

फायब्रोनेक्टिनची तर याहून गंमत. हे प्रथिन रक्तात घडी घालून एकटंच हिंडत असतं. नुसत्या उबेने त्याचा धागा होत नाही. पेशीने त्याला धरून ओढावं लागतं. ओढल्यावर घडी उलगडते, आतल्या चिकटणाऱ्या जागा उघड्या पडतात आणि मगच ते शेजाऱ्याला धरतं. कोणी ओढलंच नाही तर जन्मभर तसंच घडी घालून हिंडायचं.

हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलं हसायची. सहा महिन्यांपूर्वी लताला चहावर सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्यासारखा." मी विषय बदलला होता.

तेव्हाच ती असंही म्हणाली होती, "भाषण देशील तेव्हा माझ्या ढोपरात काय झाला, ता पण सांग." टिपणं सगळी चाळली. गुडघ्याबद्दल एक ओळ नाही.

रविवार, २१ डिसेंबर

आज कट्ट्यावर माझ्या जागी कोलॅजन पावडरवाला आणला होता. योगायोग नव्हे. केळुसकरांनी "कोलॅजन" हा शब्द माझ्याकडूनच ऐकला आणि त्यांना वाटलं, विषय तोच, शिवाय हा माणूस नाश्ता देतो.

गुळगुळीत चेहऱ्याचा मुलगा. म्हणतो, रोज एक चमचा दुधातून घ्या, कोलॅजन थेट सांध्यात जाऊन बसतं. आमचे लोक माना डोलावत होते. मी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरून ठेवली होती, सवयीने. तो उचलून उभी राहिले.

"थेट कसं जातं? पत्ता लिहून देता का?"

तो हसला. "मॅडम, सायन्स आहे."

"मी सायन्सच शिकवलं. पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात. पाव खाल्ला म्हणून पोटात बेकरी उघडत नाही. धागा पेशी बनवतात, बाहेर, जागच्या जागी. तुमचा चमचा तिथे आयता धागा नेऊन ठेवत नाही."

"पण लोकांना फरक पडतो मॅडम."

"लोकांना कोणी रोज आठवणीने दूध प्यायला सांगितलं तरी फरक पडतो."

लोक हसले. कोणाला हसले ते नीट कळलं नाही. जिंकले असावे, निम्म्या लोकांनी तरीही डबे घेतले.

नंतर केळुसकर जवळ आले. "बाई, तुमचा तो नळीचा प्रयोग घ्या ना एकदा. लताताई जायच्या आत घेतला असतात तर बरं होतं. त्याच माझ्या मागे लागल्या होत्या, बाईंना बोलवा, बाईंना बोलवा म्हणून. नाहीतर आपल्याकडे तंबोलाच असतो."

"जायच्या आत म्हणजे?"

"चार तारखेला टेम्पो येतोय ना! राजेशकडे, बोरिवलीला. तिथे लिफ्ट आहे. आपल्याकडे दोन मजले, त्यांचे गुडघे... तुम्हाला माहीत असेलच."

"माहीत आहे," मी म्हटलं.

गुरुवार, २५ डिसेंबर

चर्चच्या घंटा ऐकू येत होत्या. शाळेत असताना आम्ही हिंदू मुलीही कॅरल गायचो. मी पुढच्या रांगेत, उंची कमी म्हणून. आपल्या रोहिण्यांत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या रक्तवाहिन्यांत, इलास्टिन नावाचे लवचिक धागे असतात. ते बहुतेक लहानपणीच बनतात, पुढे शरीर नवे फारसे करत नाही. म्हणजे माझी मोठी रोहिणी आज ज्यांच्या जोरावर ताणते आणि सैलावते आहे, ते धागे त्या पुढच्या रांगेतल्या मुलीचे आहेत. तिने पुरवून वापरा असं काही सांगितलं नव्हतं.

दुपारी प्रयोग केला. द्राव नळीत घेतला, सोड्याचे थेंब टाकले, फसफस बसू दिली. मग नळी मुठीत धरून खुर्चीत बसले. बराच वेळ. अगदी थोडं धुरकट आलं, पुढे काही नाही. हात बदलला. काखेत धरायचा मोह झाला, पण ते प्रयोगशाळेच्या शिस्तीत बसत नाही.

सोडा कमी पडला असेल. किंवा कातडी नीट धुतली गेली नसेल. माझे हात थंड असतात, हे खरं. शाळेत हात धरून गोल करायचा असला की मुली कुरकुर करायच्या. पण प्रयोग माझ्या हातांवर अवलंबून नसावा.

बाटली पुन्हा फ्रीजमध्ये ठेवली. चार दिवस तरी टिकेल, फार तर दहा.

शनिवार, २७ डिसेंबर

जिन्यात लता भेटली. मी उतरत होते, ती चढत होती. मधल्या वळणावर कठडा धरून थांबली होती. एका हातात दुधाची पिशवी. आधी ती न थांबता चढायची की मीच लक्ष दिलं नव्हतं, सांगता येत नाही.

"अजून रागान आसंस?" तिने विचारलं.

"मला कसला राग?"

"बरा तर."

मी म्हटलं, "चार तारखेला म्हणे?"

"तेच सांगूक इल्लंय त्या दिवशी. मेल्या लायटीन घात केल्यान."

"केळुसकरांकडून कळलं मला. केळुसकरांकडून!"

"तुझा दार बंद होता गो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत वर गेली. पिशवी मला घेता आली असती. हे मला रस्त्यावर आल्यावर सुचलं. परत जाऊन काय म्हणणार होते?

काही आणायला निघाले होते. काय ते आठवलं नाही. स्टेशनच्या पुलापर्यंत जाऊन परत आले.

सोमवार, २९ डिसेंबर

केळुसकरांना लिहायच्या तक्रारीचा मसुदा करायला बसले. विषय, संदर्भ, सगळं घातलं. नोटीस पत्रिकेखाली टाचल्याबद्दल खुलासा मागितला. वाचून पाहिलं आणि फाडलं. त्या माणसाकडून मला कसलंच उत्तर नको आहे.

मग हे लिहिलं. इथे उतरवून ठेवते. चांगली प्रत खाली तिच्या दाराच्या फटीतून सरकवून आले.

"प्रति, लता,
खालचा मजला.

विषय: दिनांक २८ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी घडलेला प्रकार.

त्या दिवशी तू माझा द्राव उकळलास, ते चूकच होतं. त्रिफळं टाकणं त्याहून मोठी चूक होती. परंतु वीज गेली, बाईचं खराब होईल, म्हणून दोन मजल्यांच्या मधला जिना त्या गुडघ्यांनी चढून कोण वर आलं, याची नोंद मी तेव्हा घेतली नाही. तुला अडाणी म्हटलं. ते मागे घेते. मी हे उभं राहून, डोळ्यांत बघून, पूर्ण वाक्यात म्हणायला तयार आहे. कागदावर म्हटलं म्हणून सुटका झाली असं मी मानत नाही.

नवा द्राव तयार आहे. माझ्या मुठीत तो नीट जमत नाही. हात बदलूनही पाहिला. तुझे हात सतत चुलीपाशी असल्याने गरम असतात. नळी धरायला तू हवीस. जमला तर काचेत दूध उतरल्यासारखं दिसेल. गुडघ्यांत नेमकं काय झालं आहे तेही सांगेन. टिपणं काढली आहेत. सांगून ते बरे होणार नाहीत, आणि पावडरनेही होणार नाहीत. तू डबा घेतला असशील तर मला कळवू नकोस.

तुझी चावी माझ्याकडेच आहे. माझी वाटीत पडली आहे. ती तू बोरिवलीला घेऊन जावीस अशी मागणी आहे. बोरिवलीहून इथलं मुलुंडचं दार उघडायला कोण येणार, असं तू विचारशील. तो माझा प्रश्न आहे. चावी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, एवढं मी ठरवलं आहे.

कढीपत्त्याला तीन नवी पानं आली आहेत.

वरील सर्व बाबतीत तुझं उत्तर मला लेखी हवं. तोंडी चालणार नाही, कारण त्यासाठी तू जिना चढशील. चिठ्ठी तुझ्याच दाराला बाहेरून लाव, मी उतरून वाचेन. मुदत शनिवार, ३ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. त्या वेळेपर्यंत चिठ्ठी दिसली नाही तर तुझा होकार आहे असं धरून मी बाटली, नळी आणि चावी घेऊन खाली येईन.

तेंडोलकर हेमांगी, वरचा मजला."